लेकरांचे औषध झोपडीत सापडले

मलावी देशातील कुपोषित बालके, त्यांच्या सेवेसाठी परमुलखात जाऊन राहिलेली माणसे आणि शेंगदाण्याची करामत

आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागात मलावी नावाचा एक छोटा, चिंचोळा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही, पण सुमारे ५८० किलोमीटर लांबीचे एक प्रचंड सरोवर आहे. १९६४ सालापर्यंत हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली होता आणि त्याला न्यासालँड म्हणत. आज त्याची लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास असून दहांपैकी आठ माणसे खेड्यात राहतात व शेतीवर पोट भरतात. मुख्य पीक मका. त्याच्या जोडीला भुईमूग, घेवडा, रताळी आणि विक्रीसाठी तंबाखू. बैल आणि नांगर फारसे दिसत नाहीत. बहुतेक मशागत हातातल्या कुदळीने होते आणि ती कुदळ बहुधा बाईच्या हातात असते.

तिकडे पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो आणि मका एप्रिल-मेमध्ये हाती येतो. म्हणजे आपल्याकडे आषाढ-श्रावणात जशी कणगी तळाला जाते, तशी तिकडे जानेवारी ते मार्चमध्ये जाते. शेत हिरवेगार आणि घर रिकामे, असे ते दिवस. याच दिवसांत तिथल्या दवाखान्यांत कुपोषित मुलांची रीघ लागते.

या मुलांसाठी देशोदेशींची माणसे तेथे सेवेला येतात. त्यांत डॉक्टर असतात, परिचारिका असतात, शिकणारी तरुण मुलेमुलीही असतात. परक्या देशात जाऊन दुखणाईत लेकरांची सेवा करायची म्हणजे नेमके काय करावे लागते, तेथे कसे रुजावे लागते, आणि त्या रुजण्यातून एक मोठे औषध कसे हाती आले, ही हकिगत शेतकरी कुटुंबांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. कारण तिच्या मध्यभागी आपल्या ओळखीचे पीक आहे, ते म्हणजे भुईमूग.

सुजलेली मुले

मलावीच्या दक्षिण भागात ब्लँटायर हे मोठे व्यापारी शहर आहे. तेथील क्वीन एलिझाबेथ रुग्णालय हे देशातील प्रमुख सरकारी रुग्णालय. त्यात कुपोषित मुलांचा वेगळा वॉर्ड आहे.

कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हाडांचा सापळा झालेले मूल येते. ती एक तऱ्हा झाली. तिला आपण सुकटी म्हणतो. पण दुसऱ्या तऱ्हेचे मूल वरवर पाहता गुबगुबीत दिसते. त्याचे पाय सुजतात, मग तोंड सुजते. पायावर अंगठा दाबून धरला आणि काढला तर खळगा तसाच राहतो. केस विरळ व तांबूस होतात, कातडीचे पापुद्रे निघतात. मूल कशातच लक्ष घालत नाही, हसत नाही, खायला मागत नाही. अडाणी माणसाला वाटते, मूल धष्टपुष्ट आहे. खरे तर ते मरणाच्या दारात असते.

या रोगाचे वर्णन डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनी १९३३ साली केले. त्या तेव्हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करीत होत्या. त्यांनी रोगाला स्वतःचे किंवा एखादे लॅटिन नाव दिले नाही. तेथील गा भाषेतील बायका त्याला जे म्हणत तेच नाव त्यांनी जगाला सांगितले: क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आले की थोरल्याला जडणारे दुखणे, असा त्याचा अर्थ. पाठचे मूल झाले, अंगावरचे दूध तुटले आणि वरच्याला नुसत्या पिठाच्या पेजेवर ठेवले की असे होते, हे त्या बायकांनी कधीच हेरले होते. परदेशी डॉक्टरीणबाईंचे मोठेपण हे की त्यांनी या बायकांचे बोलणे कान देऊन ऐकले.

परक्या गावी रुजणे

मलावीत सेवेला आलेल्या माणसाची पहिली शाळा दवाखान्यात भरत नाही, ती रस्त्यावर भरते. तेथे कामाचे बोलणे एकदम सुरू करणे म्हणजे उद्धटपणा. आधी विचारपूस. ‘मुली ब्वांजी?’ म्हणजे ‘कसे आहात?’ त्यावर ‘न्दिली ब्विनो, काया इनु?’ म्हणजे ‘बरा आहे, आणि तुम्ही?’ एवढे झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही. चिचेवा भाषेत आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद आहे आणि वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’च म्हणावे लागते. कोणत्याही प्रौढ बाईला ‘अमायी’ म्हणजे आई म्हणून हाक मारायची. आजीआजोबांना ‘अगोगो’. आभार मानायला ‘झिकोमो’. हे चार शब्द तोंडी बसले की दारे उघडतात. गोऱ्या माणसाला पाहून पोरेटोरे ‘अझुंगु, अझुंगु’ म्हणत मागे धावतात. त्यात राग नसतो, नवल असते.

वस्तू देताघेताना उजवा हात पुढे करून डावा हात त्याच्या कोपराला लावायचा. खेड्यातली बाई वडीलधाऱ्याला काही देताना गुडघे टेकते. डॉ. बांडा यांच्या राजवटीत, म्हणजे १९९४ सालापूर्वी, बायकांनी पँट किंवा तोकडा झगा घालण्याला कायद्याची बंदी होती. आता ती नाही. तरीही खेड्यात जाणाऱ्या परदेशी मुली कमरेला ‘चितेंजे’ गुंडाळतात. चितेंजे म्हणजे सुमारे दोन वार छापील कापड. तेच नेसायचे, त्याच्यातच मूल पाठीशी बांधायचे, तेच अंथरायचे, आणि वेळ आली तर त्यातच बाजार बांधून आणायचा. आपल्या जुन्या लुगड्यासारखे त्याचे शंभर उपयोग.

जेवण म्हणजे ‘न्सीमा’. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड. ती उजव्या हाताने तोडून, गोळा करून, कालवणात बुडवून खायची. कालवण भोपळ्याच्या पाल्याचे, मोहरीच्या पाल्याचे, घेवड्याचे किंवा सरोवरातल्या बारीक सुक्या मासळीचे. ‘न्सीमा खाल्ली नाही म्हणजे जेवलोच नाही’ असे तेथील माणूस म्हणतो. भाकरीशिवाय पोट भरत नाही म्हणणाऱ्या आपल्या माणसाला हे सांगून समजावे लागणार नाही. ब्लँटायर आणि त्याला लागून असलेल्या लिंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या गुजराती व्यापाऱ्यांची दुकाने आहेत. त्यामुळे डाळ-मसाला मिळतो. पण खेड्यावर काम करायचे तर न्सीमाच गोड मानून घ्यावी लागते.

तब्येतीचे नियम वेगळे. हिवताप बारमाही, म्हणून मच्छरदाणीशिवाय झोपायचे नाही. पाणी उकळून प्यायचे. सरोवर कितीही सुंदर दिसले तरी काठच्या लव्हाळ्यात उतरायचे नाही. तेथल्या गोगलगायींच्या अंगी वाढणारे जंतू पाण्यातून माणसाच्या कातडीत शिरतात आणि पुढे लघवीवाटे रक्त जाण्याचा रोग होतो. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही.

हे सारे महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडते. अंगवळणी पडत नाही ते मुलांचे मरण. कालपर्यंत ज्याला चमच्याने दूध पाजले, त्याची खाट सकाळी रिकामी असते. दुसऱ्या बायका त्या आईभोवती बसतात, आणि मग ती मुलाला त्याच चितेंजेत गुंडाळून गावाकडे घेऊन जाते. नव्या स्वयंसेवकाला अशा वेळी दोनच गोष्टी सुचतात: एक तर पळून जावे, नाही तर रात्रंदिवस धावपळ करून स्वतःलाच आजारी पाडावे. तेथील स्थानिक परिचारिका दोन्ही करीत नाहीत. त्या पुढच्या खाटेकडे वळतात, कारण तेथेही एक मूल वाट पाहत असते. परदेशातून आलेल्या माणसाने शिकायचा सर्वांत अवघड धडा हाच.

वॉर्डातून न दिसलेली गोष्ट

डॉ. मार्क मॅनरी हे अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील बालरोगतज्ज्ञ. ते १९९४ साली कुटुंबासह मलावीत आले. ब्लँटायरच्या रुग्णालयात त्यांच्याकडे कुपोषित मुलांचा वॉर्ड सोपविण्यात आला.

त्या काळी जगभर एकच रीत होती. मूल दाखल करायचे आणि त्याला दूध पावडर, साखर, तेल व जीवनसत्त्वे मिसळून केलेले खास दूध थोडे थोडे करून रात्रंदिवस पाजायचे. यात थोडे थोडे याला फार महत्त्व आहे. दुष्काळात उपाशी राहिलेले जनावर एकदम कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर सोडले तर ते दगावते, हे आपण जाणतो. उपाशी मुलाचेही तसेच. त्याची आतडी, काळीज, मूत्रपिंडे सारी मंदावलेली असतात. एकदम पोटभर घातले तर जीव जाऊ शकतो. म्हणून ही रीत शास्त्राला धरूनच होती.

पण ती पुरी व्हायला तीन-चार आठवडे लागत. दूध कालवले की ते तासा-दोन तासांत नासते, म्हणून ते घरी देता येत नसे. साहजिकच आईने तेवढे दिवस मुलाजवळ दवाखान्यात राहायचे. आणि तेथेच गाडे अडत होते. मूल जरा सावरले की आई त्याला घेऊन निघून जाई. कधी सावरण्याआधीच जाई. गेलेली मुले पुन्हा आजारी पडत. वॉर्डात गर्दी इतकी की एका मुलाचा जुलाब नाहीतर खोकला दुसऱ्याला लागे. निम्मी मुलेही धड बरी होत नव्हती.

डॉक्टर मंडळी म्हणत, ‘आया ऐकत नाहीत. त्यांना मुलाची पर्वा नाही.’ असे बोलणे आपल्याकडेही ऐकू येते. शेतकरी ऐकत नाही, बायका ऐकत नाहीत, आदिवासी ऐकत नाहीत.

मॅनरी यांनी वेगळे केले. ते वॉर्ड सोडून काही आठवडे एका खेड्यात जाऊन राहिले. तेथे त्यांना जे दिसले ते वॉर्डाच्या खिडकीतून दिसणे शक्य नव्हते.

पहाट व्हायच्या आत बाई उठते. हातपंपावर रांग, डोक्यावर बादली. मग कुदळ घेऊन शेतात. पाठीशी तान्हे मूल. दुपारी सरपण, मग मका कांडणे किंवा दोन-चार मैल चालत जाऊन गिरणीतून दळून आणणे, मग चूल. मुलांना शिजवून घालायची वेळ दिवसातून एकदा, फार तर दोनदा येते. कुपोषित मुलाला तर दिवसातून पाच-सहा वेळा ताजे खाणे हवे. तेवढ्या वेळा चूल पेटवायला सरपण नाही, पाणी नाही आणि हातही मोकळे नाहीत.

त्यात मुले आजारी पडायचा हंगाम आणि खुरपणीचा हंगाम एकच. जानेवारी-फेब्रुवारीत मका गुडघाभर असतो. त्या वेळी तणाने पीक खाल्ले तर पुढचे वर्षभर साऱ्या घराला उपास. शिवाय घरात धान्य नसते म्हणून दुसऱ्याच्या शेतात ‘गन्यू’ला जावे लागते. गन्यू म्हणजे रोजंदारी, कधी पैशावर तर कधी पायलीभर मक्यावर. आजची चूल पेटावी म्हणून बाई दुसऱ्याचे शेत खुरपते आणि तिचे स्वतःचे तणात बुडते. म्हणजे पुढल्या वर्षीही तेच. आता अशा बाईला सांगा की एका मुलासाठी चार आठवडे शहरात येऊन बस. घरी आणखी तीन मुले आहेत, त्यांचे काय? पळून जाणारी आई बेपर्वा नव्हती. ती एका लेकरासमोर बाकीच्या लेकरांचा हिशेब मांडत होती.

एवढे कळल्यावर प्रश्नच बदलला. आईला दवाखान्यात कसे डांबून ठेवावे, हा प्रश्न राहिला नाही. जे शिजवावे लागत नाही, पाण्यात कालवावे लागत नाही, झोपडीत नासत नाही आणि मूल स्वतःच्या हाताने चाटून खाईल, असे औषधी अन्न आईच्या हाती कसे द्यावे, हा प्रश्न उभा राहिला.

शेंगदाण्याचा लगदा

याच प्रश्नाच्या मागे फ्रान्समध्ये डॉ. आंद्रे ब्रियाँ हे शास्त्रज्ञ लागले होते. दुधाची पावडर वाळलेल्या रूपात मुलांना कशी द्यावी, यावर त्यांचे बरेच प्रयोग फसले होते. तिकडे पावाला लावून खायचा चॉकलेटचा एक लगदा बरणीत मिळतो. त्या बरणीकडे पाहून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या लगद्यात पाणी नसते, तेल असते, म्हणून तो उघडा राहिला तरी नासत नाही. मग तसाच लगदा औषध म्हणून का करू नये? मिशेल लेस्कान या कारखानदाराच्या मदतीने १९९६ साली त्यांनी तो सिद्ध केला.

कृती ऐकली तर आपल्या गृहिणींना ती घरचीच वाटेल. भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक वाटलेला लगदा, दुधाची भुकटी, पिठीसाखर, तेल, आणि त्यात मोजून घातलेली जीवनसत्त्वे व क्षार. पाण्याचा थेंब नाही. जंतूंना वाढायला ओल लागते. ओलच नसल्याने ते वाढत नाहीत. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी असतात. लहान मुलाला वजनाप्रमाणे दिवसाला दोन-तीन पाकिटे पुरतात. साधारण सहा ते आठ आठवडे हा क्रम ठेवावा लागतो.

२००१ साली मॅनरी यांनी ब्रियाँ यांच्यासह मलावीत या लगद्याचा प्रयोग केला. ज्या मुलांची प्रकृती स्थिर झाली होती, त्यांना वॉर्डातून घरी पाठविले आणि आईच्या हाती हा लगदा दिला. अनेक जाणकारांना हे भलतेच धाडस वाटले. भावंडे वाटून खातील, आया विकून टाकतील, मुले मरतील, असे ते म्हणत.

तसे झाले नाही. पुढे दक्षिण मलावीतील खेड्यांत ११७८ मुलांवर तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. जुन्या रीतीने उपचार घेतलेल्या शंभर मुलांमागे ४६ बरी झाली. घरी लगदा खाल्लेल्या शंभरांमागे ७९. आया बेपर्वा नव्हत्या, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? त्यांच्या हाती चालण्याजोगे साधन दिले, आणि त्यांनी ते चालवून दाखविले. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी या पद्धतीला एकत्र मान्यता दिली. आज अनेक देशांत ती रूढ आहे.

मॅनरी यांनी २००४ साली एक संस्था काढून हा लगदा मलावीतच बनवायला सुरुवात केली. तेथे त्याला ‘चिपोंडे’ म्हणतात.

दवाखाना गावात येतो

आता स्वयंसेवकांचे काम पाहा. सकाळी गाडी ब्लँटायरहून निघते. कच्च्या रस्त्याने दोन-तीन तास. एखाद्या आंब्याच्या झाडाखाली किंवा आरोग्य केंद्राच्या ओट्यावर शे-दोनशे आया आधीच बसलेल्या असतात. कोणी सूर धरते आणि साऱ्या जणी टाळ्या वाजवीत गाणे म्हणतात. हात धुवा, मुलाला अंगावर पाजा, असा उपदेशच गाण्यात गुंफलेला असतो.

मग काम सुरू. एक जण वजन घेतो. दुसरा फळीवर झोपवून मुलाची लांबी मोजतो. तिसरा दंडाला पट्टी लावतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर मूल धोक्यात. चौथा दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज पाहतो. यानंतरची परीक्षा मोठी साधी आहे: आईच्या मांडीवर बसवून मुलाला चिपोंडे खायला द्यायचे. ते आवडीने खाल्ले तर मूल घरी बरे होईल. तोंड फिरवले, सुस्त पडून राहिले, ताप किंवा जुलाब असले, तर त्याला रुग्णालयातच न्यायला हवे. घरचा उपचार सर्वांसाठी नसतो. तो कोणासाठी नाही हे ओळखण्यातच कौशल्य आहे.

आईशी बोलणे, औषध देणे, निर्णय घेणे हे मलावीच्या परिचारिका करतात. परदेशी विद्यार्थी मोजतो, लिहितो, ओझे वाहतो. दोन आठवड्यांनी तीच गाडी पुन्हा येते. सूज उतरते तसे सुरुवातीला मुलाचे वजन घटते. नवखा घाबरतो. जाणती परिचारिका हसते, कारण पाणी उतरल्याची ती खूण आहे. आणि एके दिवशी ते मूल वजनाच्या काट्यावर बसल्याबसल्या हसते. क्वाशिओरकोर झालेले मूल हसले म्हणजे ते वाचले, असे तेथे समजतात.

दोष कोणाचा?

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. मूल कुपोषित झाले की सारे बोट आईकडे दाखवतात. मलावीत शास्त्रज्ञांनी जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्यांचा तीन वर्षांच्या वयापर्यंत अभ्यास केला. २०१३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. एकच आई, एकच चूल, एकच ताट, तरी कित्येक जोड्यांत एकाला क्वाशिओरकोर झाला आणि दुसऱ्याला झाला नाही. आतड्यांत वस्ती करून असणाऱ्या सूक्ष्म जीवांचाही या रोगात हात असतो, असे त्यातून दिसले. तेव्हा अन्न कमी पडणे हे कारण खरे, पण तेवढेच नव्हे. घाण पाणी, वारंवार होणारे जुलाब, हिवताप हेही मुलाला आतून पोखरतात. आईला बोल लावून मूल बरे होत नाही.

भुईमूग उत्पादकांसाठी

आता आपल्या पिकाविषयी. चिपोंडेसाठी लागणारा शेंगदाणा कसाही चालत नाही. ओल्या, फुटक्या, किडक्या शेंगांवर एक पिवळट-हिरवी बुरशी वाढते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. भाजल्याने ते पुरते जात नाही. यकृताला ते घातक आहे, आणि अशक्त मुलाच्या पोटात ते जाणे म्हणजे औषधातून विष देणे. म्हणून कारखान्यात येणारा माल तपासून घेतात. मलावीचा शेंगदाणा एके काळी मोठ्या प्रमाणावर परदेशी जात असे. तो बाजार हातचा जाण्यामागे हे विष हेही एक कारण होते.

या कामी आपल्या देशाचाही वाटा आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था १९८२ पासून मलावीत भुईमुगावर काम करीत आली आहे. तिने विकसित केलेला सीजी ७ हा वाण मलावीत १९९० साली प्रसारित झाला.

बुरशी टाळण्याचे उपाय मलावीत आणि आपल्याकडे सारखेच. शेंगा भरताना पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नये. काढणी वेळेवर करावी. वेल उपटल्यावर शेंगा वर येतील असे उलटे करून वाळवावेत. शेंग हलविली की दाणा खुळखुळेपर्यंत वाळवण सोडू नये. फोडणी सोपी जावी म्हणून शेंगा पाण्यात भिजवू नयेत. फुटक्या, सुरकुतलेल्या, काळ्या दाण्यांची निवड करून ते वेगळे काढावेत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. आणि निवडून काढलेले खराब दाणे घरच्या कुटात घालू नयेत. पुष्कळ घरांत चांगला माल बाजारात जातो आणि निवडीतला खालचा दाणा चटणीसाठी राहतो. तो मुलांच्या ताटात जातो, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या घरी, आपल्या गावी

मलावीतला प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. आपल्या मेळघाटात आणि नंदुरबारकडेही आई चौदा दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात मुलाजवळ राहू शकत नाही. कारण तेच: शेत, मजुरी, घरची बाकीची मुले. म्हणून तेथे आईला बुडीत मजुरी देण्याची सोय आहे, आणि अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र चालविण्याची पद्धत आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. त्यामुळे बाळांच्या मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. उपचार घराच्या उंबऱ्यापर्यंत न्यावा, हे सूत्र आपल्या मातीतही सिद्ध झाले आहे. तयार पाकिटे द्यावीत की घरचे ताजे अन्न, यावर आपल्याकडे तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण एक नक्की. शेंगदाण्याचा लाडू निरोगी मुलाला उत्तम खाऊ आहे. सुजलेल्या किंवा अतिशय वाळलेल्या मुलाला मात्र घरचा लाडू हा उपचार नव्हे. त्याला अंगणवाडी सेविकेकडे, आशाताईकडे आणि डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे.

आज आपल्या खेड्यांतूनही मुलेमुली परिचारिका होतात, डॉक्टर होतात, परदेशी जातात. उद्या आपल्यापैकी कोणाची मुलगी अशा सेवेसाठी निघाली तर आईवडिलांनी भ्यावे कशाला? तिला चार गोष्टी मात्र सांगून पाठवावे. पोचल्याबरोबर सल्ला देऊ नकोस, आधी भाषा शीक. वर्षभर राहायची तयारी ठेव, कारण एक पूर्ण हंगाम पाहिल्याशिवाय कुठलेही गाव कळत नाही. आजारी मुलाचा फोटो आईला विचारल्याशिवाय काढू नकोस आणि पाळता येणार नाही असे वचन कोणत्याही लेकराला देऊ नकोस. तिथल्या माणसांना काम शिकवून ये, म्हणजे तू निघालीस तरी काम थांबणार नाही.

शेतीच्या विस्तारकार्यातही हाच अनुभव येतो. शिफारस कितीही चांगली असो, शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याचा दिवस कसा जातो, मजूर कधी मिळतात, पैसा कधी हाती येतो हे पाहिल्याशिवाय ती लागू पडत नाही. मलावीतल्या आया जे करीत होत्या त्याला कारण होते. ते कारण शोधायला एक माणूस त्यांच्या झोपडीत जाऊन राहिला, म्हणून हजारो लेकरे वाचली. आपल्या गावातही एखादी आई मुलाला दवाखान्यातून अर्ध्यावर घेऊन आली असेल, तर तिला बोल लावण्याआधी शेजारणीने एवढेच विचारावे: ‘बाई, तुझी खुरपणी किती राहिली आहे? आम्ही दोघी-तिघी येऊन उरकून देतो. तू लेकराजवळ थांब.’